जर्मन ते स्पॅनिश: विषय जाणणारा ट्रान्सलेटर कसा शोधायचा

"जर्मन-स्पॅनिश करणारं कोणी माहितीये का" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कागद कसला आहे आणि शेवटी तो कोणाच्या हातात पडणार आहे. कारण या दोन भाषांत काम करणारी माणसं भरपूर आहेत, जर्मनीत आहेत, स्पेनमध्ये आहेत, अर्जेंटिनातही आहेत, पण हायड्रॉलिक प्रेसचं मॅन्युअल नीट करणारा, स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या घराच्या वारसाहक्काचे कागद नीट करणारा आणि औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रिका नीट करणारा ही तीन वेगळी माणसं असतात, आणि एकाने दुसऱ्याचं काम घेतलं की घोळ ठरलेला. मी पुण्यात जर्मन मशीनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काम करते, आमची मॅन्युअल्स स्पेनला जातात, मेक्सिकोला जातात, त्यामुळे ट्रान्सलेटर शोधणं, तपासणं, टिकवणं हे नेहमीचंच. आपली बरीच मंडळी आता जर्मनीत आहेत, काहीजण तिथून माद्रिद-बार्सिलोनाला जातायत, त्यांचेही प्रश्न येत असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

शिक्का हवाय की विषय हवाय

पहिला गोंधळ इथेच होतो. लोक "सर्टिफाइड ट्रान्सलेटर" शोधायला लागतात आणि त्यांना वाटतं सर्टिफाइड म्हणजे एक्स्पर्ट. तसं नसतं. शिक्क्याचा अर्थ एवढाच की हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे असं लिहून सही करायचा अधिकार या माणसाला सरकारने किंवा कोर्टाने दिलाय. त्याला टर्बाइन कळतं का, हृदयाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट कळतो का, हे त्या शिक्क्यावरून समजत नाही. उलट टेक्निकल मॅन्युअलला शिक्का लागतच नाही, तिथे फक्त विषय लागतो. तर आधी ज्या ऑफिसात कागद द्यायचाय त्यांना विचारा की शिक्क्याचं भाषांतर लागेल का आणि कुठल्या देशातलं चालेल, आणि उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर "हो हो चालेल" म्हणतात आणि काउंटरवरचा माणूस वेगळंच सांगतो.

शिक्का लागणार असेल तर दोन देशांची पद्धत वेगळी आहे. जर्मनीत हे काम राज्यांकडे आहे, बहुतेक ठिकाणी कोर्ट शपथ देतं, आणि राज्याराज्यांत पदाचं नाव निराळं, बायर्नमध्ये "ओफेंटलिश बेश्टेल्ट उंड आल्गेमाइन बेआइडिग्ट" म्हणतात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये "एर्मेश्टिग्ट", त्यामुळे दोन ट्रान्सलेटरांच्या सहीखाली वेगवेगळं काही दिसलं तर घाबरू नका, दोन्ही चालतात. सगळ्या राज्यांच्या न्यायखात्यांची मिळून एक फुकट ऑनलाइन यादी आहे, युस्टित्स-डोल्मेचर डॉट डीई नावाची, तिथे भाषा टाकली की नावं येतात. एक लक्षात ठेवा, त्या यादीत तोंडी दुभाषी आणि लेखी ट्रान्सलेटर असे दोन्ही असतात आणि प्रत्येकाकडे दोन्ही अधिकार असतीलच असं नाही, तुम्हाला कागद करून हवाय तर लेखीचा अधिकार आहे ना हे बघून घ्या.

स्पेनमध्ये हे थेट परराष्ट्र खात्याकडे आहे. तिथल्या शिक्केवाल्या ट्रान्सलेटरला "त्रादुक्तोर-इंतेर्प्रेते खुरादो" म्हणतात, नेमणूक माद्रिदच्या मंत्रालयातलं भाषा कार्यालय करतं आणि नेमलेल्यांची यादी मंत्रालयाच्याच साइटवर असते. प्रत्येकाला नंबर असतो आणि तो शिक्क्यावर छापलेला असतो, तर भाषांतर हातात आलं की तो नंबर आणि नाव यादीशी जुळवून बघा, काम दोन मिनिटांचं आहे. अर्जेंटिनाची पद्धत आणखी वेगळी, तिथे "त्रादुक्तोर पुब्लिको" ही पदवी घेऊन त्यांच्या कोलेखियोत म्हणजे व्यावसायिक संस्थेत नोंदणी करावी लागते, बुएनोस आयरेस शहराची अशी संस्था 1973 च्या कायद्याने झालीये.

पैसे घालवायच्या आधी हेही बघा की भाषांतर खरंच लागतंय का. युरोपियन युनियनचा 2016 चा 1191 नंबरचा नियम 16 फेब्रुवारी 2019 पासून लागू आहे, त्यामुळे जन्म, लग्न, मृत्यू, रहिवास, गुन्हा नसल्याचा दाखला असे कागद एका सदस्य देशातून दुसऱ्यात नेताना अपोस्टील (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागत नाही, आणि दाखला घेतानाच त्याच ऑफिसातून एक बहुभाषिक फॉर्म मागून जोडता येतो, मग बहुतेक वेळा ट्रान्सलेटर गाठायची गरजच उरत नाही. आणि भाषांतर मागितलंच तर याच नियमात असंही आहे की एका सदस्य देशातल्या अधिकृत ट्रान्सलेटरने केलेलं भाषांतर दुसऱ्या सदस्य देशाने मान्य करायचं. हे काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं असं पुष्कळदा होतं, तर नियमाची प्रत छापून जवळ ठेवा. मात्र यात डिग्री सर्टिफिकेट बसत नाही, खाजगी करार बसत नाही, त्यांना नेहमीच्या मार्गानेच जावं लागतं.

आपल्या लोकांसाठी यात एक मुद्दा खास आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या महापालिकेचा जन्मदाखला हा भारताचा कागद, तो या नियमात येत नाही, त्याला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील घ्यायचं. जर्मनीत राहताना त्याचं जर्मन भाषांतर करून घेतलेलं असतं म्हणून स्पेनला जाताना लोक त्या जर्मनवरून स्पॅनिश करून मागतात. तसं करू नका. दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजीही छापलेलं असतं, तर इंग्रजी-स्पॅनिशच्या खुरादोकडून मूळ दाखल्यावरून थेट करून घ्या, जर्मन मधे आणायचं कारणच नाही. जेवढे हात कमी तेवढी आईच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड कमी.

विषयाप्रमाणे शोधायच्या जागा वेगळ्या

मशीनचं आधी सांगते कारण मला तेच सगळ्यात जवळून माहितीये. युरोपात मशीन विकायची तर 2006 च्या 42 नंबरच्या मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणे त्या देशाच्या भाषेत सूचनापुस्तिका द्यावीच लागते, म्हणजे स्पेनला स्पॅनिश, आणि पुस्तिकेवर ते मूळ आहे की मूळ पुस्तिकेचं भाषांतर आहे हेही छापावं लागतं, शिवाय भाषांतरासोबत मूळही द्यावं लागतं. 20 जानेवारी 2027 पासून याच्या जागी 2023 चा 1230 नंबरचा नवा नियम लागू होतोय. आता तुम्ही ट्रान्सलेटरशी पहिल्यांदा बोलाल तेव्हा हा विषय सहज काढा. जो खरंच मशीनमध्ये काम करतो तो लगेच विचारतो, मूळ पुस्तिका जर्मनच आहे ना, स्पॅनिशवर "त्रादुक्सियोन देल मानुआल ओरिखिनाल" टाकायचं ना, मशीन 2027 नंतर जाणारे का. ज्याला हे ठाऊकच नाही त्याने ब्रोशर्स केली असतील, मॅन्युअल केलेलं नसणार.

असे लोक कुठे सापडतात तर पहिली जागा म्हणजे बीडीयू, जर्मनीतली ट्रान्सलेटर-दुभाष्यांची सगळ्यात मोठी संघटना, 1955 ची. त्यांच्या साइटवर भाषेबरोबर विषय टाकून शोधता येतं आणि नोंदणीला शिक्षण किंवा अनुभवाचा पुरावा लागतो, त्यामुळे कोणीही उठून आत शिरलेलं नसतं. उत्तरेत हॅम्बुर्गची एडीयू नॉर्ड आहे, शिवाय आटिकॉम आहे. स्पेनमध्ये आसेत्राद, 2003 ची, तीही तशीच चांगली, आणि कातालोनियात आप्तिक. स्वित्झर्लंडचं काम असेल तर आस्टी. आणि ज्याकडे लोक लक्षच देत नाहीत ती जागा म्हणजे टेकॉम, टेक्निकल डॉक्युमेंटेशनवाल्यांची जर्मन संघटना, तिचं मोठं संमेलन नोव्हेंबरात श्टुटगार्टला भरतं. तुम्ही किंवा तुमच्या जर्मन ऑफिसातलं कोणी तिकडे जाणार असेल तर स्पॅनिशवाल्यांशी तोंडओळख करून यायला सांगा, दहा प्रोफाइल वाचून जे कळत नाही ते पाच मिनिटांच्या गप्पांत कळतं.

कायद्याचं काम असेल तर तिथला पेच वेगळा आहे. जर्मन कायद्यात विक्रीचा करार आणि मालकी हस्तांतर या दोन स्वतंत्र कृती धरतात, स्पेनमध्ये करार आणि ताबा यांची सांगड वेगळ्या पद्धतीने घातलेली आहे, म्हणजे जर्मन नोटरीच्या कागदातलं एक वाक्य स्पॅनिश कायद्यात जसंच्या तसं बसतच नाही, आणि ट्रान्सलेटरला दोन्हीकडचं समजत असेल तरच तो योग्य जागी टीप देतो. मायोर्कात घर असलेले जर्मन पुष्कळ, त्यांच्या वारसांचं काम हे तर या भाषाजोडीतलं नेहमीचं काम. 17 ऑगस्ट 2015 पासून युरोपियन वारसा प्रमाणपत्र मिळतं, त्याचा नमुना सगळ्या भाषांत सारखा असतो, त्यामुळे काही भाग सोपा झालाय, पण बालेआरिक बेटांचे आणि कातालोनियाचे वारसाहक्काचे स्वतःचे वेगळे कायदे आहेत. अशा कामाला त्या भागातला ट्रान्सलेटर घ्या, आणि कागद खरंच स्पॅनिशमध्ये आहे की कातालानमध्ये हे आधी नीट बघा. मायोर्का, बार्सिलोना इकडचे सरकारी कागद कातालानमध्येही निघतात आणि ज्याला दोन्ही भाषा येत नाहीत त्याला फरक कळत नाही, मग स्पॅनिशचा ट्रान्सलेटर ठरवून बसतात आणि शेवटच्या दिवशी कळतं की हा कागद त्याचा नाहीच. अशा कामांसाठी नावं मिळवायची चांगली जागा म्हणजे स्पेनमधली जर्मन वकिलात, ते जर्मन येणारे वकील आणि ट्रान्सलेटर यांच्या याद्या देतात. धंद्याचं काम असेल तर माद्रिदमधलं जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सही आहे.

वैद्यकीय कामाला त्रेमेदिका नावाची संघटना आहे, वैद्यक आणि संबंधित विज्ञानांचे स्पॅनिश ट्रान्सलेटर तिथे भेटतात, पानासेआ नावाचं त्यांचं नियतकालिक फुकट वाचता येतं. औषधाच्या कागदपत्रांचं असेल तर ट्रान्सलेटरला युरोपियन औषध संस्थेचे क्यूआरडी नमुने माहीत आहेत का एवढं विचारा, त्या नमुन्यांतली वाक्यं प्रत्येक भाषेत ठरवून दिलेली आहेत आणि तिथे स्वतःची छान भाषा वापरायची मुभाच नसते. उत्तरात "ते काय असतं" आलं तर आभार मानून पुढे.

पेटंटचं एक सांगते आणि सोडते. स्पेन युरोपच्या एकत्रित पेटंटमध्ये सामील नाही, त्यामुळे जर्मनमध्ये मंजूर झालेलं युरोपियन पेटंट स्पेनमध्ये चालू करायचं तर मंजुरी जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत पूर्ण स्पॅनिश भाषांतर द्यावं लागतं, म्हणून या जोडीत फक्त पेटंटच करणारे लोक आहेत आणि ते पेटंट एजंटांच्या ऑफिसांना धरून असतात, तिथेच विचारा. पुस्तकांचं जग आणखी वेगळं, जर्मनीत फाउडीयू आणि स्पेनमध्ये आसे त्रादुक्तोरेस या साहित्यिक अनुवादकांच्या संघटना आहेत.

फुकटच्या मोठ्या पोर्टल्सबद्दल, प्रोझ वगैरे. 1999 पासून आहे, चांगली माणसंही तिथे आहेत, पण तिथे कामाची जाहिरात टाकली की तासाभरात ढीगभर उत्तरं येतात आणि त्यात चोरलेल्या सीव्ही असतात. हो, खऱ्या ट्रान्सलेटरची सीव्ही उचलायची, नाव तेच, फक्त ईमेल बदललेला, आणि काम मशीन ट्रान्सलेशनमधून काढून पाठवायचं, हा प्रकार जगभर चालतो. म्हणून जाहिरात टाकण्यापेक्षा स्वतः प्रोफाइल शोधा, आणि कोणी मेल केला तर त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या किंवा संघटनेच्या यादीतल्या पत्त्यावर उलट मेल टाकून विचारा की हा मेल तुमचाच का. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही, त्यांना हा त्रास आपल्यापेक्षा जास्त माहिती असतो.

कोणत्या स्पॅनिशसाठी

हे शोधायच्या आधीच ठरवा. स्पेन की मेक्सिको की अर्जेंटिना की सगळीकडे चालेल असं. वर्कशॉपमधले शब्द देशागणिक बदलतात हे तर आहेच, पण मला त्याहून मोठी भीती आकड्यांची वाटते. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, स्पेनमध्येही दशांशाला स्वल्पविराम चालतो, पण मेक्सिकोत दशांशाला टिंब. म्हणजे जर्मन टेबलमधलं 1.500 म्हणजे दीड हजार, तेच टेबल जसंच्या तसं मेक्सिकोच्या प्लँटमध्ये गेलं तर तिथला टेक्निशियन ते दीड वाचेल. बोल्ट घट्ट करायच्या टॉर्कच्या टेबलमध्ये, प्रेशरच्या टेबलमध्ये हे झालं तर माणूस जखमी होऊ शकतो. तर ट्रान्सलेटरला पहिल्या मेलमध्ये देश सांगा आणि तो आकड्यांबद्दल स्वतःहून काही विचारतो का याकडे लक्ष ठेवा, मला तरी याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही.

तसंच ट्रान्सलेटर ज्या भाषेत लिहिणार ती त्याची मातृभाषा असावी, म्हणजे जर्मन ते स्पॅनिशला स्पॅनिशभाषक आणि उलट असेल तर जर्मनभाषक. शिक्क्याच्या कामात दोन्ही दिशांनी करणारे असतात आणि दाखल्यांना ते ठीक आहे, पण दोनशे पानांच्या मॅन्युअलला मी तरी मातृभाषेवरच अडून बसते.

आणि मधे इंग्रजी नको. आपल्याकडच्या ऑफिसांत हे फार चालतं, जर्मन मुख्यालयातून इंग्रजी आवृत्ती आलेली असते, सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं, म्हणून इंग्रजीवरूनच स्पॅनिश करून घेतात, स्वस्त पडतं आणि माणसं लवकर मिळतात. पण जर्मनमधली इंग्रजीत झालेली प्रत्येक चूक स्पॅनिशमध्ये जाते आणि वर नवीन चुका पडतात, शिवाय मुखपृष्ठावर मूळ पुस्तिका जर्मन असं लिहिलेलं असताना प्रत्यक्षात भाषांतर इंग्रजीवरून झालेलं असतं. अपघात झाला आणि कागद तपासायची वेळ आली तर हे सगळं बाहेर येतं. जर्मन-स्पॅनिश थेट करणारे लोक आहेत, थोडं जास्त शोधावं लागतं एवढंच.

पहिला मेल

"रेट काय" एवढाच मेल पाठवू नका. चांगले ट्रान्सलेटर अशा मेलला उत्तरच देत नाहीत. मी साधारण असं लिहिते: हायड्रॉलिक प्रेसचं ऑपरेटर मॅन्युअल आहे, साडेचार हजार शब्द, जर्मन मूळ, स्पेनमधल्या ग्राहकासाठी, वाचणारा ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाला, फाइल इनडिझाइनमध्ये, जुन्या मॉडेलची ट्रान्सलेशन मेमरी (आधी केलेली वाक्यं, मूळ आणि भाषांतर जोडीने साठवलेली फाइल) आणि शब्दसूची सोबत देऊ, अमुक तारखेला हवंय, सोबत दोन पानं नमुना जोडलाय, तुम्ही या विषयात काम करता का आणि दुसरं कोणी तपासून देतं का. बस. यात त्याला "हे माझं काम नाही" म्हणायची वाट मोकळी राहते, आणि जो असं सांगून दुसऱ्या कोणाचं नाव देतो त्या माणसाचं नाव जपून ठेवा, पुढे त्याच्या विषयाचं काम आलं की आधी त्यालाच विचारा.

प्रोफाइल वाचताना मी विषयांची यादी बघते. कायदा, वैद्यक, ऑटोमोबाइल, मार्केटिंग, गेम्स, फॅशन सगळं लिहिलेलं असेल तर बंद करते. एक-दोन विषय आणि त्याला धरून काहीतरी दुसरं, म्हणजे आधी इंजिनियरिंग केलंय, दवाखान्यात नर्स होती, वकिलाच्या ऑफिसात होता, असं दिसलं की थांबून वाचते. शिक्षणात गेर्मर्सहाइम, हायडेलबर्ग, लाइपझिग, ग्रानादा, सालामांका ही नावं दिसली तर चांगलंच, भाषांतर शिकवणारी ही नावाजलेली विद्यापीठं आहेत, पण डिग्री नसून वीस वर्षं पंपांचंच काम करणारा माणूस मला जास्त चालतो. आयएसओ 17100 नावाचा भाषांतर सेवेचा दर्जा आहे 2015 चा, त्यातही हेच धरलंय, भाषांतराची पदवी, किंवा दुसरी पदवी आणि दोन वर्षं पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षं पूर्णवेळ अनुभव. आणि त्यात एक अट फार महत्त्वाची आहे, भाषांतर करणाऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाने मूळाशी ताडून तपासायचं. एकटा फ्रीलान्सर घेतलात तरी हे विचारा, बरेचजण आपल्याच एखाद्या सहकाऱ्याबरोबर जोडीने काम करतात आणि ते एजन्सीपेक्षा चांगलं पडतं, कारण कोण करतंय हे आपल्याला माहीत असतं. एजन्सी घेतलीत तर तोच ट्रान्सलेटर कायम राहील का हे लेखी घ्या. भाषा सात-आठ असतील तर एजन्सीशिवाय पर्याय नाही, पण एकच जोडी असेल तर मी तरी थेट माणसाकडेच जाते.

नमुना काम आणि ते तपासायचं कसं, स्पॅनिश येत नसताना

अडीचशे-तीनशे शब्दांचा नमुना द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट टेस्ट मागितली की चांगले लोक गळतात आणि ज्यांना काम नाही ते उरतात. नमुन्यात सोपा परिचयाचा भाग देऊ नका, सेफ्टीचं एक पान, एक टेबल आणि दुरुस्तीच्या पायऱ्या असा तुकडा द्या. मूळ जर्मनमध्ये काही विसंगती असेल, म्हणजे मजकुरात 45 न्यूटनमीटर आणि टेबलमध्ये 54, तर ती दुरुस्त न करता तशीच जाऊ द्या. चांगला ट्रान्सलेटर ते पकडून तुम्हाला विचारतो, यातलं बरोबर कोणतं.

आता स्पॅनिश येत नाही तर बघायचं काय. सगळे आकडे, एकक, चित्रांचे नंबर, पानांचे संदर्भ बोट ठेवून जुळवा. मग धोक्याचे इशारे बघा, जर्मन मॅन्युअलमध्ये चार पायऱ्या असतात, गेफार (धोका), वार्नुंग (इशारा), फोरझिश्ट (सावधान), हिनवाइस (सूचना), आणि स्पॅनिशमध्येही प्रत्येकाला एकच ठरलेला शब्द पहिल्या पानापासून शेवटपर्यंत यायला हवा, एका ठिकाणी "आद्वेर्तेन्सिया" आणि पुढे त्याच पायरीला दुसरंच काही असेल तर लाल पेनने खूण करा. एखाद्या सुट्या भागाचं नाव फाइलमध्ये शोधा, चित्राखाली एक आणि मजकुरात दुसरं असं झालंय का. हे सगळं भाषा न येता करता येतं. शेवटी ते पान स्पेनमधल्या तुमच्या डीलरच्या सर्व्हिस टेक्निशियनला पाठवा, भाषेच्या प्राध्यापकाला नको, आणि एकच विचारा, हे वाचून तू काम करशील का, कुठे अडखळलास. त्याने "आम्ही याला असं म्हणतो" म्हणून दिलेले शब्द ट्रान्सलेटरला कळवा आणि तिथूनच शब्दसूची सुरू करा. युरोपियन युनियनचा इआते नावाचा शब्दसंग्रह फुकट आहे, युर-लेक्सवर कायदे जर्मन आणि स्पॅनिश शेजारीशेजारी उघडून बघता येतात, कायद्यातून आलेल्या शब्दांची खात्री तिथे होते.

ट्रान्सलेटरने किती प्रश्न विचारले हेही मोजा. दहा पानांचं टेक्निकल काम एकही प्रश्न न येता परत आलं तर मला झोप लागत नाही.

पैसे, वेळ, मशीन ट्रान्सलेशन

जर्मनीत हिशोब ओळीवर चालतो, एक ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून 55 अक्षरं. स्पेनमध्ये शब्दावर चालतो. दोन कोटेशन्स समोर ठेवताना त्यामुळे फसगत होते. जर्मनमध्ये शब्द जोडून जोडून लांबलचक होतात, त्यामुळे तोच मजकूर जर्मनमध्ये कमी शब्दांत आणि स्पॅनिशमध्ये जास्त शब्दांत बसतो, म्हणून मूळ शब्दांवर रेट आहे की भाषांतरित शब्दांवर हे विचारल्याशिवाय तुलना करूच नका. दोघांकडून त्याच फाइलची एकूण रक्कम मागा, सगळ्यात सोपं. अंदाज हवा असेल तर जर्मन कोर्टाचा दर बघा, 2021 च्या बदलात एडिट करता येणाऱ्या फाइलसाठी 55 अक्षरांमागे 1.80 युरो आणि नाहीतर 1.95 युरो असा मूळ दर ठरवला होता, अवघड मजकुराला त्याहून जास्त. बाजारातला रेट वेगळा असतो, पण कोणी याच्या पावपट रेट सांगितला तर तो हाताने काम करत नाहीये हे समजून जा.

दिवसाला साधारण 2000 ते 2500 शब्द हा एका माणसाचा नीट कामाचा वेग, त्यावरून तारीख ठरवा, वर तपासणीचे दिवस. आणि ऑगस्ट टाळा, अर्धा स्पेन सुट्टीवर असतो, जुलैच्या सुरुवातीलाच बुकिंग करून ठेवा.

मशीन ट्रान्सलेशनबद्दल लपवाछपवी नको, उघड बोला. कोलोनची डीपएल 2017 पासून आहे, आज बहुतेक ट्रान्सलेटर असं काहीतरी वापरतात आणि त्यात गैर काही नाही, पण ठरलं काय होतं ते महत्त्वाचं. मशीनचं काढून माणसाने दुरुस्त करायचं काम असेल तर त्याचा वेगळा दर्जा आहे, आयएसओ 18587, वेगळा रेट आहे, तसं सांगून करा. तुमचे डिझाइन गुप्त असतील तर फुकटच्या आवृत्तीत मजकूर टाकायचा नाही असं गोपनीयतेच्या करारात स्पष्ट लिहा. सेफ्टीची पानं मात्र पहिल्यापासून माणसाकडूनच करून घ्या, यात मी तडजोड करत नाही.

ट्रान्सलेशन मेमरी कोणाची हेही आधीच ठरवा. ट्रेडॉस, मेमोक्यू, अक्रॉस यांपैकी भाषांतराचं कुठलंही सॉफ्टवेअर वापरत असतील तरी काम संपल्यावर मेमरी टीएमएक्स फाइलमध्ये आपल्याला मिळाली पाहिजे असं ऑर्डरवर लिहा. पुढच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये अर्धा मजकूर जुनाच असतो, मेमरी हातात असेल तर तेवढा खर्च वाचतो आणि उद्या माणूस बदलावा लागला तरी शब्द तेच राहतात.

बिलात एक गोष्ट बघा. जर्मन कंपनीने स्पेनमधल्या ट्रान्सलेटरकडून काम घेतलं तर दोघांचेही व्हॅट नंबर युरोपियन नोंदणीत असतील तर बिलावर स्पॅनिश कर लागत नाही, कराचा हिशोब घेणाऱ्याकडे येतो, त्यासाठी त्याचा नंबर विएस नावाच्या युरोपियन साइटवर आधी तपासून घ्या. तुम्ही खाजगी माणूस म्हणून दाखला करून घेत असाल तर मात्र कर भरावा लागतो, स्पेनमध्ये 21 टक्के, जर्मनीत 19, आणि जर्मनीत छोट्या व्यवसायाच्या सवलतीत असलेला ट्रान्सलेटर कर लावतच नाही, त्यामुळे कोटेशन करासहित आहे का विचारा. आणि बिल आलं की वेळेवर भरा. या जोडीत तुमच्या विषयातले चांगले लोक थोडे आहेत, ते एकमेकांना ओळखतात, आणि कोण पैसे लटकवतं हे त्यांच्यात लगेच पसरतं.